रीइश्यू येतोय? प्री-ऑर्डर करण्याआधी बोनस ट्रॅक असे तपासा

एखाद्या बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांचे रीइश्यू (जादा गाणी, म्हणजे बोनस ट्रॅक, जोडून काढलेल्या नव्या आवृत्त्या) जाहीर झाले, की चाहत्यांचं गणित दर वेळी एकाच जागी चुकतं. आधी प्री-ऑर्डर, मग ट्रॅकलिस्टवर नजर, आणि खोकं हातात आल्यावर ‘अरे, हे तर माझ्याकडे आहेच!’ क्रम बरोबर उलटा हवा. आपल्याकडे काय आहे याची यादी आधी करायची. काय काय असू शकतं याची यादी त्यानंतर. कंपनीची घोषणा तिसऱ्या क्रमांकावर आणि पैसे सगळ्यात शेवटी. घोषणा वाचून झाल्यावर यादी करायला बसलात, तर तुमची यादी होतच नाही, कंपनीच्या जाहिरातीवर खुणा करणं तेवढं होतं.

ज्यांना फक्त मूळ अल्बम चांगल्या आवाजात ऐकायचा आहे, त्यांनी थेट पाचवा टप्पा वाचावा. बाकीचा खटाटोप गाणी गोळा करणाऱ्यांसाठी आहे.

टप्पा १ : घरातली यादी

एक साधी स्प्रेडशीट उघडा. रकाने सहा पुरतात: गाण्याचं नाव, रेकॉर्डिंगचा प्रकार (स्टुडिओ, डेमो म्हणजे कच्चा नमुना, लाइव्ह, रेडिओ सत्र), लांबी, कोणत्या प्रकाशनावर आहे, त्याचा कॅटलॉग नंबर (कंपनीने त्या आवृत्तीला दिलेला, पाठीवर छापलेला क्रमांक), आणि बारीक अक्षरात छापलेल्या वर्तुळातल्या ‘पी’ पुढचं वर्ष.

इथला एकच नियम महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो: एका गाण्याला एक ओळ नाही, एका रेकॉर्डिंगला एक ओळ. एकाच गाण्याचा डेमो, अल्बमवरचं रूप, सिंगलसाठी कापलेलं रूप आणि रेडिओवर वाजवलेलं रूप तुमच्याकडे असेल, तर चार ओळी झाल्या पाहिजेत. एकाच ओळीत सगळं कोंबलं, तर पुढच्या टप्प्यात ‘हे आहे माझ्याकडे’ म्हणून नेमकं नसलेलंच रेकॉर्डिंग सोडून द्याल.

कॅटलॉग नंबर कंटाळवाणा वाटतो, पण कव्हर तेच आणि आतला माल वेगळा हे या धंद्यात नेहमीचं आहे. मेटालिकाचा ‘किल ’एम ऑल’ घ्या. १९८३ च्या मूळ अल्बमवर नसलेली दोन कव्हर गाणी (म्हणजे दुसऱ्या बँडची, नव्याने वाजवलेली), ‘अॅम आय ईव्हिल?’ आणि ‘ब्लिट्झक्रीग’, इलेक्ट्रा कंपनीने १९८८ साली काढलेल्या रीइश्यूवर शेवटी जोडली गेली. नंतरच्या आवृत्त्यांमधून ती काढून टाकली. हीच दोन गाणी १९८४ च्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला होती आणि १९९८ च्या ‘गॅरेज इन्क.’ या संग्रहात पुन्हा आली. म्हणजे ‘माझ्याकडे किल ’एम ऑल आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठला, ते पाठीवरचा नंबर सांगतो.

सीडी असेल तर चकाकत्या बाजूला, मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबरही (तबकडी कोणत्या साच्यातून निघाली ते सांगणारा) लिहून घ्या. व्हायनल असेल तर शेवटच्या खाचेनंतर लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात तो सापडतो. दिवा तिरपा धरला की वाचता येतो.

लपवलेली गाणी विसरू नका. काही शेवटच्या ट्रॅकमध्येच, लांबलचक शांततेनंतर असतात. काही तर पहिल्या ट्रॅकच्याही आधी असतात. सीडी प्लेअरवर पहिला ट्रॅक सुरू झाल्यावर मागे मागे नेलं तरच ती ऐकू येतात. सीडी कॉम्प्युटरवर उतरवताना बरीच सॉफ्टवेअर हा आधीचा भाग घेतच नाहीत. त्यामुळे फोल्डरमधल्या फाइली बघून यादी करू नका, डिस्क बघून करा.

*सावधान:* नवा रीइश्यू येतोय म्हणून जुनी प्रत आत्ताच विकू नका. डेव्हिड बोवीचे अल्बम रायकोडिस्क कंपनीने १९९० च्या सुमारास बोनस ट्रॅकसह काढले होते. १९९९ च्या ईएमआय कंपनीच्या रीमास्टरवर (आवाज नव्याने सुधारलेल्या आवृत्तीवर) ते बोनस ट्रॅक नव्हते. नंतर आलेली आवृत्ती म्हणजे जास्त माल, हा समज बाजूला ठेवा.

टप्पा २ : बाहेर काय काय आहे याची यादी

आता दुसरी यादी. यात तुमच्याकडे नसलेली, पण त्या काळात रेकॉर्ड झालेली प्रत्येक गोष्ट येते.

सुरुवात डिस्कॉग्ज या प्रकाशनांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळापासून करा. अल्बमच्या मास्टर पानावर सगळ्या देशांतल्या सगळ्या आवृत्त्या एकाखाली एक दिसतात. पण तिथेच थांबू नका, कारण बोनसचा खरा साठा अल्बमच्या पानावर नसतोच. तो सिंगलच्या मागच्या बाजूला, बारा इंची आवृत्तीत, चार बँड मिळून काढलेल्या संग्रहात किंवा रेडिओसाठी वाजवलेल्या सत्रात असतो. अल्बम यायच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष, एवढ्या पट्ट्यातलं सगळं उघडून बघा. म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीसाठ्याचा वेगळा उपयोग आहे. तिथे ‘रचना’ आणि ‘रेकॉर्डिंग’ या दोन नोंदी स्वतंत्र ठेवतात, त्यामुळे एका गाण्याची किती वेगवेगळी रेकॉर्डिंग आहेत हे लगेच कळतं.

प्रत्येक ओळीला तीनपैकी एक खूण करा: अधिकृतपणे आलेलं, बूटलेग (परवानगीविना काढलेली प्रत) म्हणून फिरतंय पण अधिकृत नाही, फक्त उल्लेख ऐकलाय. तिसऱ्या प्रकारावर फार आशा लावू नका. मुलाखतीत कुणीतरी एखाद्या गाण्याचं नाव घेतो आणि चाहते वर्षानुवर्षं त्याची वाट बघतात. पुढे कळतं, की ते दुसऱ्याच गाण्याचं कच्चं नाव होतं. ‘यस्टर्डे’ला शब्द सापडेपर्यंत ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ म्हणत होते, तसा प्रकार. एकच गाणं दोन नावांनी दोनदा मोजलं गेलंय का, ते बघा.

दुसरी नेहमीची फसगत हक्कनोंदणीच्या याद्यांवरून होते. अॅस्कॅप आणि बीएमआय या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या खुल्या शोधयादीत बँडच्या नावावर अनोळखी शीर्षक सापडलं, की ‘हे येणार!’ असा गलका होतो. ती नोंद रचनेची असते. रेकॉर्डिंग झालंय का, झालं असेल तर टेप टिकलीय का, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही.

बँड जुना असेल तर एक कॅलेंडरही ध्यानात घ्या. युरोपात २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणावरचं संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर नेलं, पण ते प्रकाशित झालेल्या मुद्रणांपुरतं. कपाटात पडून राहिलेल्या रेकॉर्डिंगचं संरक्षण ५० वर्षांनी संपतं. म्हणून काही कंपन्या पन्नाशीला आलेली रेकॉर्डिंग वर्ष संपता संपता घाईघाईने बाहेर काढतात. बॉब डिलनचा २०१२ चा असा संच जेमतेम शंभर प्रतींचा होता. बीटल्सची १९६३ ची ५९ रेकॉर्डिंग डिसेंबर २०१३ मध्ये फक्त डाउनलोड म्हणून आली. अशा प्रकाशनांचा गाजावाजा होत नाही, त्यामुळे ती दुसऱ्या यादीत ‘अधिकृत’ म्हणून नोंदवायची राहून जातात.

*तपासा:* दुसऱ्या यादीतली कोणतीही पाच रेकॉर्डिंग निवडा. प्रत्येकाचा प्रकार आणि लांबी लिहिलेली आहे का? नसेल तर घोषणा वाचण्याची घाई करू नका.

टप्पा ३ : घोषणा वाचणं

जाहिरातीतला प्रत्येक शब्द मोजून मापून टाकलेला असतो. तो तसाच वाचायचा.

‘रेअर’ला काहीच ठरलेला अर्थ नाही. जुन्या सिंगलची मागची बाजू, जी तीन संग्रहांत येऊन गेली, तीही ‘रेअर’ असते. ‘अनरिलीज्ड’ म्हणजे अधिकृतपणे न आलेलं. तुम्ही ते बूटलेगवर वर्षानुवर्षं ऐकलेलं असू शकतं, आणि कंपनी खोटं बोलत नसते. ‘अनरिलीज्ड ऑन सीडी’ म्हणजे व्हायनलवर येऊन गेलंय. ‘अनरिलीज्ड व्हर्जन’ म्हणजे गाणं नवं नाही, त्याचं एखादं रूप नवं आहे, आणि ते रूप किती वेगळं आहे हे मुद्दाम सांगितलेलं नाही.

यापेक्षा मोठा गोंधळ ‘टेक’ आणि ‘मिक्स’ या दोन शब्दांत होतो. अल्टरनेट टेक म्हणजे बँडने गाणं पुन्हा वाजवलेलं: ड्रम वेगळे, गळा वेगळा, कधी शब्दही वेगळे. अल्टरनेट मिक्स किंवा रफ मिक्स म्हणजे वाजवलेलं सहसा तेच, फक्त आवाजांची पातळी आणि जागा वेगळी. गिटार थोडी पुढे, एखादा थर गायब, शेवट जरा लांब. लेड झेपेलिनच्या पहिल्या तीन अल्बमांचे २०१४ चे रीइश्यू आले तेव्हा सोबतच्या जादा डिस्कबद्दल बरेच जण ‘नवी गाणी’ धरून बसले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बमच्या डिस्कवर मुख्यतः रफ मिक्स आणि पर्यायी मिक्स होते, पहिल्याच्या डिस्कवर पॅरिसमधला १९६९ चा एक कार्यक्रम. ज्यांना अल्बम कसा घडला यात रस आहे, त्यांच्यासाठी ही मेजवानीच होती. न ऐकलेलं गाणं शोधणाऱ्यांच्या हाती मात्र फार काही लागलं नाही. निर्वाणाच्या ‘ब्लीच’च्या २००९ च्या आवृत्तीतही मुख्य बोनस म्हणजे फेब्रुवारी १९९० चा पोर्टलंडमधला कार्यक्रम होता.

आता जुळवणी. जाहीर झालेली प्रत्येक ओळ तुमच्या दोन्ही याद्यांसमोर ठेवा. समजा, ट्रॅक १४ समोर ‘अर्ली व्हर्जन, ३:४७’ असं लिहिलंय. तुमच्या यादीत त्याच गाण्याचा सिंगलवरचा अवतार ३:४२ चा आहे. पाच सेकंदांच्या फरकावरून ‘वेगळं रेकॉर्डिंग’ ठरवू नका. शेवटचा आवाज जरा उशिरा विझवला किंवा पुढे दोन सेकंदांची शांतता जोडली, तरी एवढा फरक पडतो. उलट लांबी सेकंदाला सेकंद जुळली तर संशय घ्यायला जागा आहे. अशा ओळीसमोर ‘ऐकून ठरवायचं’ एवढंच लिहा.

मग वर्तुळातल्या ‘पी’चं वर्ष बघा. हे वर्ष ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनाचं असतं. ‘ट्रॅक ११ ते १३ : १९८४, बाकी २०१६’ अशी बारीक अक्षरातली ओळ दिसली, तर ते तीन ट्रॅक १९८४ सालीच येऊन गेलेत, वर जाहिरातीत काहीही म्हणोत. मात्र रीमास्टर केल्यावर नवं वर्ष टाकायची पद्धत आहे, त्यामुळे नवं वर्ष म्हणजे नवं रेकॉर्डिंग असा उलटा निष्कर्ष काढू नका.

आयएसआरसी कोडचंही तसंच. हा बारा अक्षरांचा कोड प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळतो आणि आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या खुल्या शोधयादीत बघता येतो. दोन प्रकाशनांवर कोड एकच असेल तर रेकॉर्डिंग एकच, असं बहुतेक वेळा खुशाल धरावं. कोड वेगळा असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण रीमास्टरला नवा कोड मिळू शकतो. कोडमधले वर्षाचे दोन आकडे कोड दिल्याचं वर्ष सांगतात, गाणं वाजवल्याचं नव्हे. इथे घोटाळा करणारे पुष्कळ आहेत.

*सावधान:* दुकानाच्या पानावर आधी झळकलेली यादी अंतिम नसते. हक्क न मिळाल्याने किंवा टेप खराब निघाल्याने शेवटच्या आठवड्यांतही ट्रॅक बदलतात. बँडच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या पानावर यादी येईपर्यंत जुळवणी पेन्सिलीने करा.

टप्पा ४ : तेच की वेगळं? कानाने ठरवा

‘ऐकून ठरवायचं’ लिहिलेल्या ओळींसाठी नमुना ऐकायला मिळतो का ते बघा. बरेचदा एक-दोन बोनस ट्रॅक तारखेआधीच ऐकायला सोडतात. तुमचं जुनं रेकॉर्डिंग आणि हे, दोन्ही ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. एक पूर्ण डाव्या कानात, दुसरं पूर्ण उजव्या कानात. पहिला ठोका जुळवा आणि हेडफोन लावून एकत्र वाजवा.

वाजवलेलं तेच असेल तर दोन्ही मिळून एकच गाणं डोक्याच्या मध्यभागी ऐकू येतं. टेपच्या वेगात थोडा फरक असेल तर हळूहळू एक बाजू किंचित मागे पडते. हे वेगळ्या टेकचं लक्षण नाही, यंत्राच्या वेगाचं आहे. टेक वेगळा असेल तर बहुधा दुसऱ्या ओळीपर्यंतच ड्रम फुटतात, एका ठोक्याचे दोन ऐकू येतात.

एक अपवाद. क्लिक ट्रॅकवर (वादकांच्या कानात वाजणाऱ्या एकसारख्या ठोक्यावर) वाजवलेली दोन वेगळी टेक शेवटपर्यंत तालात राहू शकतात. तिथे गळा ऐका. ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास, शब्दाच्या शेवटी सोडलेली लांबी, कडव्यातून ध्रुवपदात जाताना ड्रमरने मारलेला तुकडा: या गोष्टी दोनदा हुबेहूब होत नाहीत. तिन्ही जुळल्या तर टेक तेच, फरक मिक्सचा.

स्पीकरवर ही चाचणी करू नका. खोलीतल्या घुमण्यात सगळंच सारखं वाटतं.

टप्पा ५ : मूळ अल्बमचं काय केलंय?

बोनसच्या नादात हा प्रश्न विचारायचाच राहतो. ऑझी ऑस्बॉर्नच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ या पहिल्या दोन एकल अल्बमांच्या २००२ च्या आवृत्त्यांवर मूळ बास आणि ड्रम काढून दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घातले होते. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. २००२ ची प्रत घेणाऱ्याने बोनस ट्रॅक मोजले असतील, पण अल्बमच बदललेला होता.

म्हणून तीन गोष्टी बघा. ‘रीमास्टर’ लिहिलंय की ‘रीमिक्स’? रीमास्टरमध्ये तयार मिक्सवर काम होतं, रीमिक्समध्ये गाणं पुन्हा जुळवलं जातं. रीमिक्स असेल तर मूळ मिक्सही खोक्यात आहे का? आणि गाण्यांचा क्रम कोणत्या देशातल्या आवृत्तीचा आहे? ‘ब्लीच’च्या पहिल्या ब्रिटिश आवृत्तीत ‘लव्ह बझ’च्या जागी ‘बिग चीज’ होतं. एका देशात बोनस म्हणून मिरवणारं गाणं दुसरीकडे अल्बमचाच भाग असतं.

टप्पा ६ : कोणता फॉरमॅट

एकाच नावाचा रीइश्यू सीडी, व्हायनल, डाउनलोड आणि बॉक्स सेट अशा रूपांत येतो, आणि चारही याद्या वेगळ्या असू शकतात. यामागे गणित आहे. सीडीवर साधारण ८० मिनिटं मावतात. व्हायनलच्या एका बाजूवर २२ मिनिटांपलीकडे गेलं की आवाजाची पातळी उतरवावी लागते. ३५ मिनिटांच्या जुन्या अल्बमला सीडीवर ४० मिनिटं बोनस सहज जोडता येतो. व्हायनलवर त्यासाठी दुसरी तबकडी लागते, आणि खर्च वाचवायला बोनस गाळला जातो.

त्यामुळे प्रत्येक फॉरमॅटची यादी स्वतंत्रपणे उघडून वाचा. ‘डीलक्स’ हा शब्द सगळीकडे सारखा असला तरी आतला माल सारखा नसतो. जपानी आवृत्तीत जादा ट्रॅक असण्याची जुनी रीत आहे. तिथे देशी सीडी आयात प्रतीपेक्षा महाग पडत, म्हणून ग्राहकाला धरून ठेवायला एखादं गाणं जोडायचे. ते गाणं वर्षभराने दुसऱ्या देशात सिंगलवर आलं का, हे आधी शोधा आणि मगच आयात प्रतीचा विचार करा.

बॉक्स सेटमध्ये पुस्तिका, पोस्टर, तिकिटाची नक्कल वगैरे काढून टाका आणि फक्त नवी रेकॉर्डिंग मोजा. माझं मत विचाराल तर पाचाहून कमी नवी रेकॉर्डिंग असलेला बॉक्स सेट पुस्तिकेसाठी घ्यावा, गाण्यांसाठी नाही.

*तपासा:* याच बँडने हेच बोनस आधी दुसऱ्या खोक्यात विकलेत का? लेड झेपेलिनच्या ‘कोडा’च्या २०१५ च्या आवृत्तीत ‘हे, हे, व्हॉट कॅन आय डू’ आणि ‘बेबी कम ऑन होम’ होती. पहिलं १९९० च्या बॉक्स सेटमध्ये आणि दुसरं १९९३ च्या बॉक्स सेटमध्ये येऊन गेलं होतं.

टप्पा ७ : ऑर्डर

हे लवकर उरकतं. परताव्याची मुदत आणि प्री-ऑर्डर रद्द करायची शेवटची तारीख बघून ठेवा. ऑर्डर देताना दुकानाच्या पानावरची ट्रॅकलिस्ट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ती पुढे बदलली तर तुमच्याकडे पुरावा राहतो. डाउनलोड कोड मिळणार असेल तर त्याला मुदत असते.

टप्पा ८ : खोकं आल्यावर

सील फोडायला जीव होत नाही, हे समजू शकतं. पण न फोडलेल्या खोक्यात दोन नंबरची डिस्क दोनदा आणि तीन नंबरची एकदाही नसेल, तर ते परताव्याची मुदत संपल्यावर कळेल. प्रत्येक डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवा. लेबलवर छापलेल्या यादीवर विसंबू नका, लेबल बरोबर आणि आतला आवाज दुसऱ्याच डिस्कचा असं होऊ शकतं.

खरखर ऐकू आली म्हणून लगेच तक्रार करू नका. आधी पुस्तिका वाचा. जुन्या डेमोची मूळ टेप हरवलेली असते आणि कॅसेटवरून किंवा जुन्या व्हायनलवरून आवाज घेतलेला असतो. प्रामाणिक कंपनी तसं लिहिते. तुमच्याकडे त्याचीच बूटलेग प्रत असेल तर दोन्ही शेजारी लावून ऐका. नवी प्रत मूळच्या जवळची असेल तर झांजा आणि श्वास साफ ऐकू येतील, फक्त आवाज मोठा केलेला नसेल.

खरोखर चूक सापडली, म्हणजे मध्येच आवाज तुटणं, डावं-उजवं उलटं होणं, गाणं अर्ध्यावर कापलं जाणं, तर तक्रारीत डिस्कचा क्रमांक, ट्रॅक, मिनिट-सेकंद आणि मॅट्रिक्स नंबर लिहा. ‘आवाज बरोबर नाही’ एवढ्यावर कुणी दखल घेत नाही. एकाच मॅट्रिक्स नंबरच्या चार जणांनी एकाच सेकंदाची तक्रार केली, की बदली डिस्क मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

शेवटी फाइली. बोनस ट्रॅकवर रेकॉर्डिंगचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत टाका. बोनस मूळ अल्बमच्या फोल्डरमध्ये न ठेवता वेगळे ठेवा, म्हणजे अल्बम लावल्यावर शेवटचं गाणं संपताच डेमो सुरू होणार नाही. आणि टप्पा १ च्या स्प्रेडशीटमध्ये नव्या ओळी आजच भरा, कॅटलॉग नंबरसकट. हे खोकं फडताळात गेलं की नंबर बघायला ते पुन्हा बाहेर काढायचा कंटाळा येणार आहे.